चार्जरवर चालतो, बॅटरीवर अडकतो: एका लॅपटॉपच्या बूटचे प्रकरण

यंत्र २०१६ सालचे. इंटेल कोअर आय७-६७००एचक्यू, म्हणजे स्कायलेक पिढी. सोबत एनव्हिडियाची जीटीएक्स ९६०एम, १६ जीबी रॅम आणि एसएसडी. विंडोज १० काढून त्यावर उबुंटू १८.०४ टाकलेले, कर्नल (सिस्टमचा गाभा) ४.१५. तक्रार अशी की लॅपटॉप चालू केला की लोगो येतो, खालचे ठिपके दोन-चारदा सरकतात आणि तिथेच थिजतात. कॅप्स लॉकचा दिवा लागत नाही, पंखा मात्र जोर धरत जातो. पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरण्यावाचून गत्यंतर नसते. हे दर वेळी होईलच असेही नाही. कधी लॉगिनचा पडदा सरळ येतो, थोडा वेळ कामही होते, आणि हार्डवेअरची माहिती दाखवणारे एखादे ॲप उघडले की सगळे ठप्प.

तपासणीला येईपर्यंत यंत्रावर नेहमीचे सगळे प्रयोग होऊन गेले होते. दोनदा नव्याने इन्स्टॉल केले होते, एसएसडी बदलली होती, रॅमची पट्टी काढून-घालून पाहिली होती. पण उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावला तरी तोही त्याच जागी अडकतो, हे मालकाने सहज बोलता बोलता सांगितले. खरे तर सगळ्यात मोलाची माहिती तीच होती. पेनड्राइव्हवरून चढणारी सिस्टमही अडकते, तेव्हा डिस्क, फाइलसिस्टम आणि बिघडलेले इन्स्टॉलेशन हे तिन्ही संशयित एका फटक्यात सुटतात. पंख्याचेही तसेच. पडदा गोठलेला असताना पंखा वाढत असेल तर प्रोसेसर मेलेला नाही. त्याचा एखादा कोअर कुठल्यातरी वळणात (लूपमध्ये) नुसता गरगरतो आहे.

पुढे जे आदेश आणि पॅरामीटर (बूट होताना कर्नलला द्यायच्या सूचना) आहेत ते उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टाइप करताना रोमन छोटी अक्षरे वापरायची, अंडरस्कोर, टिंब आणि बरोबरचे चिन्ह जिथे दिसते तिथेच ठेवायचे आणि अंक इंग्रजी टाकायचे. विंडोज या शब्दाचे पहिले अक्षर मोठे, आणि टीएलपीच्या सेटिंगमधले ओळीचे नाव सगळे मोठ्या अक्षरांत.

लोगो बाजूला काढा

पहिले काम म्हणजे कर्नल काय म्हणतो ते पडद्यावर आणणे. चालू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा (सिस्टम चढवणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणला, पहिल्या ओळीवर ‘ई’ दाबले, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतले ‘क्वाएट स्प्लॅश’ हे दोन शब्द खोडले आणि कंट्रोल-एक्सने बूट केले. इथे केलेला बदल त्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे चुकले तरी काही बिघडत नाही.

पडद्यावर शेवटची ओळ लॉगिन मॅनेजर, म्हणजे लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्राम, सुरू झाल्याची होती. बरेच जण इथेच फसतात. शेवटी छापलेली ओळ ही शेवटी पूर्ण झालेल्या कामाची असते, अडकलेल्या कामाची नसते. अडकलेल्याला बोलायला वेळच मिळालेला नसतो. लॉगिन मॅनेजर काढून दुसरा टाकण्याचा सल्ला अशाच ओळीवरून दिला जातो आणि त्याने काही साधत नाही.

मग ग्रबच्या त्याच ओळीत एकेक पॅरामीटर, दर बूटला एकच:

‘नोमोडसेट’ टाकल्यावर यंत्र चढले. संशय ग्राफिक्सकडे वळला, पण याला उपाय समजू नये. नोमोडसेटने इंटेलचा ड्रायव्हरही बाजूला पडतो, रिझोल्यूशन उतरते, पडद्याची उजळी बदलता येत नाही.

‘मॉडप्रोब.ब्लॅकलिस्ट=नूवो’ टाकल्यावरही चढले, आणि या वेळी पडदा नीट, उजळीच्या कळाही चालू. नूवो (स्पेलिंग एन-ओ-यू-व्ही-ई-ए-यू) म्हणजे एनव्हिडियाच्या चिपसाठीचा मुक्त ड्रायव्हर; ब्लॅकलिस्ट केला की तो लोडच होत नाही. म्हणजे इंटेलची बाजू निर्दोष.

‘नूवो.रनपीएम=०’ टाकले, ब्लॅकलिस्ट काढली. नूवो लोड झाला, चिप ओळखली गेली, आणि यंत्र चढले.

या तिसऱ्या बूटने प्रकरणाची दिशा ठरली. ड्रायव्हर चालतो, चिप चालते, फक्त चिपला झोपवायला मनाई केली की अडचण नाहीशी होते. हा दोष बूटचा नाही, झोपेतून जागे करण्याचा आहे. तो बूटच्या वेळी दिसतो, कारण पहिली झोप आणि पहिली हाक दोन्ही तेव्हाच घडतात.

पाच सेकंदांचा हिशेब

या प्रकारच्या लॅपटॉपमध्ये पडदा इंटेलच्या चिपला जोडलेला असतो. एनव्हिडियाची चिप फक्त जड कामाला, एरवी बंद. नूवो लोड झाल्यावर कोणी तिला काम दिले नाही तर पाच सेकंदांनी तो तिला झोपवतो. नंतर लॉगिनचा पडदा तयार करणारा प्रोग्राम यंत्रात कोणकोणती ग्राफिक्स उपकरणे आहेत ते चाचपतो. चिप तोवर झोपलेली असेल तर तिला उठवावे लागते, आणि इथे उठवणेच फसत होते.

‘कधी चढतो, कधी नाही’ याचा उलगडाही यातच आहे. बूट चटकन झाला आणि चाचपणी पाच सेकंदांच्या आत आटोपली तर चिप अजून जागी असते आणि सगळे सुरळीत. डिस्कची तपासणी किंवा नेटवर्कची वाट पाहण्यात दोन सेकंद जास्त गेले की गाडी अडलीच. यंत्र गरम आहे की गार, काल नीट बंद केले होते की नाही, अशा गोष्टींशी मालकाने जोडलेले सगळे संबंध या वेळेच्या खेळातून आले होते.

तर्क पटला तरी तो मुद्दाम घडवून पाहिल्याशिवाय निदान पक्के म्हणता येत नाही. त्यासाठी ‘सिस्टमडी.युनिट=मल्टी-यूजर.टार्गेट’ टाकून फक्त अक्षरी पडद्यावर बूट केले. रनपीएमचा पॅरामीटर या वेळी नाही, लॉगिन मॅनेजर नाही, त्यामुळे हाक मारणाराही कोणी नाही. यंत्र निमूट चढले. मग:

कॅट /सिस/बस/पीसीआय/डिव्हायसेस/००००:०१:००.०/पॉवर/रनटाइम_स्टेटस

उत्तर ‘सस्पेंडेड’. ही फाइल वाचल्याने चिप जागी होत नाही, म्हणून तपासायला ती सुरक्षित. पुढे ‘सिंक’ आदेश देऊन डिस्कवरचे लिखाण पुरे करून घेतले आणि यंत्रातल्या उपकरणांची यादी देणारा ‘एलएसपीसीआय’ चालवला. तो प्रत्येक उपकरणाची नोंद प्रत्यक्ष वाचतो, म्हणून त्याला चिप उठवावीच लागते. कर्सर पुढच्या ओळीवर गेला आणि परतला नाही. थोड्या वेळाने पंखा सुरू. दोष आता हवा तेव्हा घडवता येत होता, आणि त्यापुढे कुठलाही उपाय दोन मिनिटांत तपासता येणार होता.

बटण दाबून धरण्याऐवजी इथे ऑल्ट आणि सिसआरक्यू (बहुतेक लॅपटॉपवर प्रिंट स्क्रीनचीच कळ, कधी एफएन सोबत) धरून एकामागून एक एस, यू, बी दाबावे. उबुंटूत सिसआरक्यूची मूळ किंमत १७६ असते, म्हणजे १२८, ३२ आणि १६ यांची बेरीज. रीबूट, फाइलसिस्टम फक्त-वाचन करणे आणि सिंक, एवढ्या तीनच गोष्टींना परवानगी. आपल्याला त्याच हव्या असतात. लॉगचे शेवटचे तुकडे डिस्कवर पोहोचतात आणि पुढच्या बूटला ‘जर्नलसीटीएल -बी -१ -के’ने मागच्या बूटचा कर्नल लॉग वाचता येतो. तो रिकामा दिसला तर /व्हार/लॉग मधली कर्न.लॉग पाहावी.

लॉगमध्ये दोन गोष्टी सापडल्या. नूवोच्या नावावर ‘रिफ्यूज्ड टू चेंज पॉवर स्टेट, करंटली इन डी३’ (डी३ म्हणजे उपकरणाची झोपेची अवस्था), आणि एसीपीआयच्या नावावर, चिपला वीज देणारी पद्धत मध्येच सोडून द्यावी लागल्याची चूक.

फर्मवेअर कुठे अडते

एसीपीआय म्हणजे बायोसमध्ये बसवलेला छोटा प्रोग्राम, जो ऑपरेटिंग सिस्टम स्वतः चालवते. कुठल्या उपकरणाची वीज कशी तोडायची आणि कशी जोडायची हे त्यात लिहिलेले असते. विंडोज ७ च्या काळात एनव्हिडियाची चिप बंद करायला एक खास आदेश असे. विंडोज ८ पासून पद्धत बदलली: चिप ज्या पीसीआय एक्स्प्रेस पोर्टला जोडलेली आहे तो पोर्टच झोपवायचा आणि मागची वीज पूर्ण तोडायची. या अवस्थेला डी३कोल्ड म्हणतात. लिनक्समध्ये असे पोर्ट झोपवण्याची सोय कर्नल ४.८ मध्ये, ऑक्टोबर २०१६ ला आली, आणि ती बायोसची तारीख २०१५ किंवा त्यानंतरची असेल तरच आपोआप लागू होते. आपल्या यंत्राची तारीख ‘कॅट /सिस/क्लास/डीएमआय/आयडी/बायोस_डेट’ने कळते.

वीज परत जोडल्यावर फर्मवेअर, म्हणजे बायोसमधला हा प्रोग्राम, पोर्ट आणि चिप यांच्यातली लिंक वर येण्याची वाट पाहते. ती एका वळणात फिरत राहते: आली का, आली का. या जोडीत लिंक येतच नाही. वळण संपत नाही, आणि तोवर एसीपीआयचा अर्थ लावणारा भाग अडकून पडतो. मग बॅटरीची टक्केवारी, झाकणाचा सेन्सर, शटडाऊन, जे जे एसीपीआयला विचारायला जाते ते रांगेत उभे राहते. वरकरणी सगळे यंत्र गोठलेले दिसते ते यामुळे. शटडाऊन अर्ध्यावर लटकणे हे याच दुखण्याचे दुसरे लक्षण, आणि या लॅपटॉपवर तेही होते.

हा दोष एका यंत्राचा नाही. लिनक्स कर्नलच्या दोषनोंदीत तो १५६३४१ क्रमांकाने वर्षानुवर्षे उघडा होता, निरनिराळ्या कंपन्यांच्या लॅपटॉपच्या तक्रारींसह.

दुसरा अडथळा, फक्त बॅटरीवर

मालकाने दरम्यान स्वतःच्या पद्धतीने तोडगा काढला होता: नूवो कायमचा ब्लॅकलिस्ट. काही दिवस लॅपटॉप ठीक चालला. बॅटरी लवकर उतरते म्हणून टीएलपी हे वीज वाचवणारे साधन बसवले, आणि बूट पुन्हा अडकू लागला. या वेळी मात्र चार्जर लावलेला असताना कधीच नाही, बॅटरीवर हमखास. साहजिकच चार्जिंगच्या सर्किटवर आणि बॅटरीवर संशय गेला. नवी बॅटरी मागवायची तयारीही झाली होती.

टीएलपीची मूळ मांडणी पाहिली की कोडे सुटते. चार्जरवर ते पीसीआय उपकरणांची झोप बंद ठेवते, बॅटरीवर ‘ऑटो’ करते. काही ड्रायव्हरांची उपकरणे त्यातून वगळलेली असतात आणि त्यांत नूवो आहे. पण नूवो ब्लॅकलिस्ट केल्यावर चिपला ड्रायव्हरच उरला नाही, त्यामुळे ती सवलतही गेली! ड्रायव्हर नसलेल्या उपकरणाला कर्नल स्वतः झोपवत नाही, त्याला जागे, डी० अवस्थेतच, ठेवतो. पण ‘ऑटो’ लागल्यावर वरच्या पोर्टला झोपायला आडकाठी राहत नाही, आणि पोर्ट गेला की खालच्या चिपची वीजही जाते. मग लॉगिन मॅनेजर येतो, हाक मारतो, आणि फर्मवेअर पुन्हा त्याच वळणात.

पॉवरटॉप या वीजवापर मोजणाऱ्या साधनाचा ‘ऑटो-ट्यून’ बूटच्या वेळी चालवणाऱ्यांनाही हेच भोगावे लागते. फरक इतकाच की तो चार्जर-बॅटरी असा भेद करत नाही, त्यामुळे दर वेळी अडकते.

पडताळणी सोपी होती. नूवोची ब्लॅकलिस्ट तशीच ठेवून, बॅटरीवर, टीएलपीच्या सेटिंगच्या फाइलीत ‘रनटाइम_पीएम_ब्लॅकलिस्ट’ या ओळीत "०१:००.०" लिहिले. बूट सुरळीत. टीएलपी १.४ पासून या ओळीचे नाव ‘रनटाइम_पीएम_डिनायलिस्ट’ झाले आहे. जुने मार्गदर्शन वाचून नव्या आवृत्तीत काम करताना हे ध्यानात ठेवावे.

नूवो ब्लॅकलिस्ट करणे हा इथे सगळ्यात वाईट मधला मार्ग आहे. चिप कुणाच्याच ताब्यात राहत नाही: झोपली तर अडकवते, जागी राहिली तर फुकट वीज खाते.

उपाय आणि त्यांची किंमत

तीन पर्याय तपासले, तिन्ही वेळा तीच अक्षरी पडद्याची चाचणी वापरून.

फर्मवेअरला आपण जुने विंडोज आहोत असे सांगणे हा पहिला. पॅरामीटर दोन आहेत: एसीपीआय_ओएसआय=! आणि एसीपीआय_ओएसआय="विंडोज २००९". पहिल्याने कर्नल एरवी सांगतो ती सगळी विंडोजची नावे पुसली जातात, दुसऱ्याने एकच परत दिले जाते. २००९ म्हणजे विंडोज ७. फर्मवेअर मग चिपला बंद-चालू करण्याची जुनी पद्धत वापरते. ग्रबच्या मेनूत हे टाकल्यावर चालले, पण कायम करायला /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलीत लिहिले तर चालेना. घोळ अवतरणचिन्हांचा होता. त्या ओळीची पूर्ण किंमत आधीच दुहेरी अवतरणात असते, त्यामुळे आतली दुहेरी चिन्हे लागली की ती तिथेच तुटते. आतल्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी, किंवा बाहेरची चिन्हे एकेरी करावीत. मग ‘सुडो अपडेट-ग्रब’, रीबूट, आणि ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ने कर्नलपर्यंत नेमके काय पोहोचले ते डोळ्यांनी पाहावे. ही शेवटची पायरी गाळणारे ‘तो पॅरामीटर माझ्याकडे चालत नाही’ म्हणून मोकळे होतात.

एलएसपीसीआय अडकणे थांबले. पण टचपॅड साध्या माउससारखा वागू लागला, दोन बोटांचे सरकवणे गेले. फर्मवेअरला विंडोज ७ आहे असे वाटले की ते टचपॅडही जुन्या पीएस/२ पद्धतीने समोर ठेवते. हा पॅरामीटर एका चिपपुरता नसतो, सगळ्या यंत्राला लागू होतो. काही मॉडेलांवर एफएनच्या कळा किंवा थंडरबोल्ट बिघडतात. इथे तो नाकारला.

दुसरा, ‘पीसीआयई_पोर्ट_पीएम=ऑफ’. पोर्ट झोपायचेच बंद, म्हणून नूवो जुन्या आदेशाकडे वळतो. काही लॅपटॉपवर हे छान चालते. या यंत्रावर तो जुना आदेशही शेवटी फर्मवेअरच्या त्याच वळणात नेऊन सोडत होता.

तिसरा, ‘नूवो.रनपीएम=०’, ब्लॅकलिस्ट काढून. चिप सतत जागी, अडकण्याचा प्रश्नच नाही; नूवो स्वतः झोपेला नकार देतो आणि टीएलपीही त्याला वगळते, म्हणजे दुहेरी बंदोबस्त. किंमत विजेची: अशी जागी चिप काही न करता साधारण ५ ते १० वॉट खाते. स्वतःच्या यंत्रावर मोजायचे तर चार्जर काढून, पडद्याची उजळी तीच ठेवून, पॉवरटॉपमधला डिस्चार्ज रेट पाच मिनिटे पाहावा, दोन्ही अवस्थांत.

तात्पुरता म्हणून हाच ठेवला. स्थिर यंत्र आधी, बॅटरी नंतर.

कर्नल ५.७ नंतर

कायमचा इलाज नूवोच्या ड्रायव्हरमध्येच आला, मे २०२० अखेर निघालेल्या कर्नल ५.७ मध्ये. इंटेलचा ठरावीक पोर्ट, ओळख क्रमांक ८०८६:१९०१, आणि त्यामागे एनव्हिडियाची चिप अशी जोडी दिसली की नूवो पीसीआयच्या पद्धतीने चिपला डी३ मध्ये ढकलण्याची पायरी गाळतो आणि वीज तोडण्याचे काम सरळ एसीपीआयवर सोडतो. ती मधली पायरी गाळली की लिंक नीट परत येते. आपला पोर्ट तोच आहे का हे ‘एलएसपीसीआय -एनएन -एस ००:०१.०’ने कळते; अर्थात आधी रनपीएम=० टाकून बूट केलेले असावे, नाहीतर हा आदेशच यंत्र अडकवू शकतो.

या लॅपटॉपवर क्रमांक जुळला. उबुंटू २०.०४.२ टाकले, ज्यासोबत कर्नल ५.८ येतो. ग्रबच्या फाइलीतून रनपीएमचा पॅरामीटर काढला. /ईटीसी/मॉडप्रोब.डी या फोल्डरमध्ये जुनी ब्लॅकलिस्ट फाइल उरलेली नाही ना, हे पाहिले. हे महत्त्वाचे, कारण उपाय नूवोच्या आत आहे. नूवो लोडच झाला नाही तर तो उपायही चालत नाही आणि टीएलपीसोबतचा तो बॅटरीवरचा खेळ नव्या कर्नलवरही परत सुरू होऊ शकतो. ब्लॅकलिस्ट काढल्यावर ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवावे. नाहीतर सुरुवातीच्या रॅमडिस्कमध्ये जुनीच यादी राहते.

मग चाचणी त्याच क्रमाने, आधी चार्जरवर आणि मग बॅटरीवर. अक्षरी पडदा, पाच सेकंदांहून जास्त थांबणे, रनटाइम_स्टेटस ‘सस्पेंडेड’, सिंक, एलएसपीसीआय. क्षणभर थबकून यादी आली. थोड्या वेळाने स्टेटस पुन्हा ‘सस्पेंडेड’. ही झोप-जाग बरीच आवर्तने करून पाहिल्यावर नेहमीचा बूट, झाकण मिटून सस्पेंड, आणि शटडाऊन. तिन्ही ठीक. टीएलपीमधला ०१:००.० चा अपवादही काढून टाकला. नूवो ताब्यात असताना त्याची गरज नाही.

एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर वापरणाऱ्यांसाठी एवढेच: त्यातली चिप आपोआप पूर्ण बंद करण्याची सोय ट्युरिंग पिढीपासून पुढच्या चिपांसाठी आहे. ९६०एम मॅक्सवेल पिढीची, म्हणून तिच्यावर तो पॅरामीटर टाकून काही होत नाही. तिथे ‘प्राइम-सिलेक्ट इंटेल’ने चिप बंद करायला गेले की वीज तोडण्याचा हाच रस्ता पुन्हा लागतो, तेव्हा ती अदलाबदल करण्यापूर्वी उघड्या फाइली सेव्ह करून ठेवाव्यात.